ठळक ठिपका

मोबाईल खिशातच राहू द्या. इथे त्याला रेंज नाही, आणि बाहेर काढलात तर मागच्या रांगेतले लोक मॅच सोडून तुमच्याकडेच बघत बसतील. हे मद्रास आहे, चेपॉकचं मैदान. चेन्नई म्हणायला अजून एकवीस वर्षं आहेत. चेपॉक नावाचं लोकलचं स्थानकही शोधू नका, त्यालाही दोन दशकं आहेत. आज शनिवार, ११ जानेवारी १९७५. पोंगल तीन दिवसांवर आलाय, मरीनाचा समुद्र हाकेच्या अंतरावर आहे आणि तुम्ही ज्या पायरीवर बसलायत ती आत्ताच तापायला लागली आहे. वर्तमानपत्राची एक घडी खाली घ्या. सगळ्यांनी घेतली आहे.

तुम्ही हा सामना पाहिलेला नाही. घरबसल्या पाहणं कुणालाच शक्य नव्हतं. मुंबईत दूरदर्शन सुरू झालंय, पण मद्रास केंद्राला अजून सात महिने आहेत. ज्यांनी रेडिओला कान लावला त्यांनी ऐकला, ज्यांनी दुसऱ्या दिवशी पेपर उघडला त्यांनी वाचला. तुमच्यापर्यंत पोचला तो नुसता आकडा: गुंडप्पा विश्वनाथ, नाबाद ९७. भारत सर्वबाद १९०. म्हणजे निम्म्याहून जास्त धावा एकट्याच्या. एवढं तुम्हाला पाठ आहे. पण परवा कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं की ती खेळी मोठी होतीच, शिवाय फार देखणी होती, आणि तुम्ही तोंड वाकडं केलंत. "देखणेपणाच्या किती धावा धरायच्या, ते सांग आधी!"

साहजिक आहे. तुम्ही मुंबईचे. राहायला डोंबिवलीत असाल नाहीतर न्यू जर्सीत, क्रिकेटमध्ये मुंबईचेच. कांगा लीगच्या ओल्या, बेभरवशाच्या खेळपट्ट्यांवर वाढलेल्या त्या शाळेत पहिला धडा एकच: विकेट फेकायची नाही. मैदानावर कुणी पोरगा झोकात तीस काढून बाद झाला की तंबूतून आवाज यायचाच, "आला नक्षी काढून!" या वृत्तीला खडूस म्हणतात आणि मुंबईत ती शिवी नाही, पदवी आहे. रणजी करंडक १९५८-५९ पासून ओळीने १५ वर्षं घरात ठेवणाऱ्यांना ती शोभतेही. तेव्हा तुमची शंका घेऊनच बसा. ती इथे उपयोगाची आहे.

तुमच्या डाव्या हाताला बसलेले गृहस्थ मघापासून तुमच्याकडे पाहताहेत. पांढरी वेष्टी, कपाळावर गंध, मांडीवर एक लांबट वही आणि पेन्सिल. तुम्ही स्वतःशीच काहीतरी पुटपुटलात ते त्यांनी ऐकलं, आणि आता ते तुमच्याशी मराठीत बोलू लागतात. दचकू नका. ते तंजावरचे. व्यंकोजीराजांच्या काळापासून तिकडे वसलेल्या मराठी घराण्यांपैकी एक. त्यांच्या मराठीचं वळण तीनशे वर्षं जुनं आणि हेल तमिळ. निम्मे शब्द तुम्हाला कळतील, उरलेले हातवाऱ्यांतून समजून घ्या. मी त्यांचं बोलणं आपल्या वळणावर आणून देतो. त्यांना काका म्हणा.

काका सामन्याची बखर ठेवतात. शाळेच्या वहीवर पट्टीने रेघा मारून स्वतःच आखलेलं धावपुस्तक. धाव निघाली तर आकडा, नाही निघाली तर ठिपका. पानावर आत्ता ठिपकेच जास्त आहेत.

मामला नाजूक आहे. सहा महिन्यांपूर्वी लॉर्ड्सवर आपण ४२ धावांत गुंडाळले गेलो. वाडेकरने कप्तानी गमावली आणि क्रिकेटही सोडलं. पतौडीला परत बोलावून कप्तान केलंय. वेस्ट इंडिजविरुद्धच्या या मालिकेत बंगलोर आणि दिल्ली हरलो, कलकत्त्याला विश्वनाथच्या १३९ धावांवर जिंकलो, आणि आता २-१ असे मागे आहोत. गावसकर दुखापतीमुळे संघात नाही. त्याच्या जागी सलामीला गेला तो एकनाथ सोळकर. जिथे कमी तिथे एकनाथ, हे त्या काळचं धोरणच होतं.

आणि समोर अँडी रॉबर्ट्स. याला नीट बघा. वय २३, अँटिग्वाचा. चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलत नाही. बाद केल्याचा आनंद नाही, झेल सुटल्याचा राग नाही. त्याच्याकडे उसळत्या चेंडूंच्या दोन जाती आहेत. पहिला जरा हळू येतो, तुम्ही तो हुक करता आणि मनात म्हणता, एवढंच? मग हात तसाच फिरतो, धाव तशीच असते, पण दुसरा चेंडू कितीतरी वेगाने येतो, आणि तोवर तुमची बॅट पहिल्याच्या हिशेबाने निघालेली असते. हेल्मेट नावाची वस्तू अजून कुणाच्या डोक्यावर आलेली नाही. या सामन्यात तो १२ बळी घेणार आहे, पैकी ७ याच डावात, ६४ धावांत. हे तुम्हाला माहीत आहे. मैदानावरच्या कुणालाच माहीत नाही.

आता बघा, विश्वनाथ येतोय.

उंची पाच फूट तीन इंच. स्लिपमधल्या क्लाइव्ह लॉइडशेजारून जाताना तो शाळकरी पोरासारखा दिसतो. जन्म भद्रावतीचा, वाढला बंगलोरला. रणजीच्या पहिल्याच सामन्यात २३०. कसोटी पदार्पणात कानपूरला पहिल्या डावात शून्य, दुसऱ्यात १३७. त्या शून्यानंतर त्याला धीर देणारा कप्तान पतौडीच होता.

गार्ड घेतलं. थोडं थांबा, एक सांगायचं राहिलं. आपल्याला सवय आहे गोलंदाजाकडून चेंडूमागोमाग नजर आणायची. टीव्हीने लावलेली सवय आहे ती. इथे कॅमेरा नाही, तेव्हा कुठे बघायचं हे तुम्ही ठरवायचं. रॉबर्ट्स धावायला लागला की त्याला सोडून द्या. विश्वनाथचं डोकं बघा. फक्त डोकं.

हललं का? नाही. रॉबर्ट्स क्रीजमध्ये आला, हात फिरला, चेंडू सुटला, आणि ते डोकं खांबावर ठेवलेल्या समईसारखं तिथेच. बाकीच्यांचं काय होतं तेही पाहून ठेवा. चेंडू सुटायच्या आधीच कुणाचा पाय मागे सरकतो, कुणाची बॅट दोनदा खाली आपटते, कुणाचा खांदा उडतो. त्यात गैर काही नाही. भीतीला शरीरातून कुठून तरी वाट काढावी लागते. याच्या भीतीने कुठली वाट काढली आहे, ते मात्र एवढ्या लांबून दिसत नाही.

चेंडूला प्रवास करायचा तो एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंत, पावणेअठरा मीटरचा. या वेगाला तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो. इतक्या वेळात तुमची पापणी फार तर एकदोनदा लवते. एवढ्यात चेंडू बघायचा, ओळखायचा, फटका निवडायचा, पाय टाकायचा, बॅट आणायची. चेंडूवर शेवटपर्यंत नजर ठेव असं प्रशिक्षक सांगतात, पण या वेगाला ते माणसाला जमत नाही. चांगल्या फलंदाजाचे डोळे चेंडूच्या पुढे उडी मारून टप्प्याच्या जागी आधीच जाऊन थांबतात. आपण सगळे चेंडूमागे धावतो. हे लोक पुढच्या स्टेशनवर जाऊन त्याची वाट बघतात.

विश्वनाथ बघा. ऑफ यष्टीच्या बाहेर, जरा आखूड. कुणीही कट मारेल असा चेंडू. पण कधी मारेल? चेंडू समोर असताना, नाहीतर फार तर शरीराच्या रेषेत आला की. हा थांबलाय. अजून थांबलाय. तुम्ही मनात म्हणताय, गेला, चेंडू गेला मागे, आता यष्टीरक्षक मरेचे ग्लोव्ह्ज वाजणार. आणि त्या क्षणी मनगटं खाली येतात. मोठा आवाज नाही. टाचणीने फुगा फोडावा तसा एक कोरडा, बारका आवाज. पॉइंटच्या मागून चेंडू कुंपणाकडे निघालाय, आणि गलीतला माणूस ज्या बाजूला झेपावला आहे तिथून तो कधीच गेलेला आहे.

तुमच्या तोंडून "वा" निघून गेलं. असू द्या, कुणी ऐकलं नाही, सगळेच ओरडताहेत. काका तेवढे शांत आहेत. त्यांनी वहीत ४ लिहिले आणि मांडीवर एक हलकी थाप दिली. थाप उशिरा पडली. टाळ्या ओसरल्यावर.

मद्रासची डिसेंबरची संगीत सभा नुकतीच आटोपली आहे. महिनाभर सकाळ-संध्याकाळ गाणं ऐकून हे लोक क्रिकेटला येतात. बोटांवर ताल मोजायची सवय अजून उतरलेली नसते. काका सांगतात, आमच्याकडे एडुप्पु म्हणून एक गोष्ट असते. गाणं तालाच्या पहिल्या ठोक्यावर सुरू होईलच असं नाही. ठोका पडतो, गवई गप्प. अर्धी मात्रा जाते, आणि मग तो शब्द उचलतो. ज्याला ताल कळत नाही तो ठोक्यावरच धडपडून सुरू करतो. ज्याला कळतो त्याला घाई नसते. "हा मुलगा ठोका जाऊ देतो," काका म्हणतात.

तुम्ही काही बोलत नाही. पण तुमच्या लक्षात येतंय की देखणेपणाचा तुमचा हिशेब चुकत होता. तुम्ही तो बॅट थांबल्यावर शोधत होतात. उंच कोपर, फोटोत शोभणारा शेवट, वाकलेला गुडघा. तो भाग नंतरचा. शिकवून येतो, आरशासमोर घोटता येतो. पुष्कळ पोरं घोटतात, आणि पहिल्याच खऱ्या वेगवान गोलंदाजासमोर तो गळून पडतो, कारण त्याच्याखाली वेळ नसतो. इथे जे दिसतंय ते फटक्याच्या आधीचं आहे. अर्धा सेकंद सगळ्यांना सारखाच मिळतो, पण याला तो पाऊण वाटतो. आणि आपल्याला पाहताना सुख होतं ते त्या उरलेल्या पावाचं. रेल्वे फलाटावर सगळे धावत असताना एखादा माणूस चहा संपवतो, कप ठेवतो आणि सुटत्या गाडीत पाय ठेवतो, तेव्हा आपण त्याच्याकडे जसे बघतो, तसं.

दोन षटकांनंतर येतो तो चेंडू.

तो वहीत कुठेच दिसणार नाही, म्हणून नीट बघा. चांगल्या टप्प्याचा, आत येणारा, अपेक्षेपेक्षा जास्त उसळलेला. या उंचीच्या माणसाच्या थेट छातीवर. आधीच्या एका फलंदाजाने अशाच चेंडूपुढे बॅट कशीबशी फेकली होती. विश्वनाथ टाचा उचलतो. चवड्यांवर उभा राहतो, दीड-दोन इंच मिळवतो, बॅट सरळ, वरचा हात घट्ट, खालच्या हाताची पकड सैल. चेंडू बॅटवर येऊन पायाशी मेल्यासारखा पडतो. शॉर्टलेगच्या माणसाला झेपावायलाही काही उरत नाही. विश्वनाथ वाकतो, तो चेंडू उचलतो आणि क्षेत्ररक्षकाकडे हलकेच टाकतो.

धाव शून्य. स्टेडियममध्ये टाळी नाही. काकांनी ठिपका दिला. मग पेन्सिल पुन्हा त्याच ठिपक्यावर टेकवली आणि गोल फिरवत राहिले, तो ठळक होईपर्यंत.

*

पुढचा तासभर मी भरभर नेतो, कारण तो बघवत नाही. एका टोकाने माणसं येतात आणि जातात. ६ बाद ७६. ८ बाद ११७. रॉबर्ट्सचा चेहरा अजून तसाच. दहाव्या क्रमांकावर बेदी येतो, आकाशाएवढं मन आणि जेमतेम फलंदाजी घेऊन, आणि काय चमत्कार, टिकतो. बेदी १४ धावा करतो आणि दोघं मिळून ५२ जोडतात. यातला विश्वनाथ आधीपेक्षा वेगळा आहे. आता तो फटके राखून ठेवत नाही. मघाशी ज्या चेंडूला त्याने ठिपका स्वीकारला, तसल्याच चेंडूला आता मनगट फिरवून मिडविकेटकडे धाडतो. डाव घाईला आलाय, पण फटक्यात घाई नाही.

मग बेदीही गेला. ९ बाद १६९. अकरावा येतोय भागवत चंद्रशेखर.

इथे जरा थांबू. कालयंत्र आपल्या हातात आहे, आणि चंद्रशेखर फलंदाजीला येत असताना थोडा वेळ काढणं कुणालाही आवडेल. काकांना जागा राखायला सांगा.

आधी मँचेस्टर. सोमवार, २७ जुलै १९३६, ओल्ड ट्रॅफर्ड, संध्याकाळचं लांबट ऊन. विजय मर्चंट आणि इंदूरचा मुश्ताक अली सलामीला आहेत, मोठी पिछाडी डोक्यावर. मर्चंट आपल्या शाळेचा. चेंडू शेवटपर्यंत बघून लेट कट करतो, विश्वनाथच्या फटक्याचा काका शोभावा असा. पण तुम्हाला इथे आणलंय ते दुसऱ्या टोकासाठी. मुश्ताक बघा, गोलंदाज धावत येतोय आणि हा क्रीज सोडून चालत पुढे निघालाय. वेगवान गोलंदाजाला! म्हणजे मिळालेला अर्धा सेकंद हा स्वतःहून आणखी कमी करून घेतोय. मघाशी आपण ठरवलं की देखणेपण थांबण्यात असतं, आणि हा तर सामोरा जातोय. पण पावलं बघा. धावत नाही, चालतोय. दिवाळीचा फराळ द्यायला शेजारी निघाल्यासारखा. वेळ याच्याकडेही आहे. विश्वनाथ जपून वापरतो, हा उधळतो, एवढंच. दिवस संपेल तेव्हा एकही गडी न गमावता १९० होतील आणि मुश्ताकचं शतक झालेलं असेल, परदेशातलं भारताचं पहिलं कसोटी शतक. चला, इथे जास्त रेंगाळलो तर चंद्रा तिकडे गार्ड घेऊन मोकळा होईल.

आता मुंबई. पुन्हा जानेवारी १९७५, पण महिन्याची अखेर, पाचवी कसोटी. नवंकोरं वानखेडे स्टेडियम, जेमतेम वर्षभरात उभं केलेलं. तिकिटांवरून ब्रेबॉर्नवाल्यांशी वाजलं, म्हणून पावलावर पाऊल ठेवता येईल एवढ्या अंतरावर आपलं दुसरं घर बांधलं. त्याची वास्तुशांत जरा महागात पडली आहे. लॉइडने नाबाद २४२ ठोकल्या, त्याचं अभिनंदन करायला धावलेल्या पोराला पोलिसांनी बडवलं आणि स्टँडमध्ये दंगल उसळली. वेस्ट इंडिजने ६ बाद ६०४ वर डाव सोडला. मालिका २-२, सगळं इथेच ठरायचंय.

पण आपण आलोय सोळकरला बघायला. एक्की. हिंदू जिमखान्याच्या मुख्य माळ्याचा मुलगा, मैदानाच्या कडेच्या खोलीत वाढलेला. त्याला फलंदाजी करताना बघा आणि खरं सांगा, देखणी आहे का? नाही. बॅट कोनात, पाय अर्धवट, चेंडू कधी हँडलला लागतो, कधी मांडीला. फटका मारल्यावर त्यालाच जरा आश्चर्य वाटल्यासारखं दिसतं. आणि तरी तो उभा आहे. लान्स गिब्ज डावात सात बळी घेतो, सोळकर मात्र घर सोडायला तयार नसलेल्या पाहुण्यासारखा बसून राहतो आणि १०२ करतो. त्याचं एकमेव कसोटी शतक. याच डावात विश्वनाथच्या ९५ आहेत. पुन्हा शतक हुकलं. धावपुस्तक म्हणतं सोळकर सात धावांनी पुढे.

माझा या धावपुस्तकाशी वाद नाही. सोळकर नसता तर आपण आणखी लवकर हरलो असतो. तसे हरलोच, २०१ धावांनी. कुरूप धावांवरच बहुतेक कसोटी सामने वाचतात, आणि माझ्यासारख्या माणसाला उतारवयात सोळकर जास्त जवळचा वाटू लागलाय, हेही कबूल करतो. पण एक गोष्ट बघा. सोळकरची ती १०२ तुम्हाला कुणी तोंडी सांगितली तर पोचते. झुंजला, टिकला, शतक केलं. सगळं त्यात आलं. विश्वनाथची ९५ सांगून पोचत नाही. त्यासाठी इथे यावं लागतं.

त्याच स्टेडियममध्ये, त्याच डावात, ८६ धावा करून गेलेला आणखी एक फलंदाज आहे. बोट बरं होऊन परतलाय. सुनील गावसकर. आपल्या शाळेचा सर्वात कडक विद्यार्थी. एकही धाव फुकट न घालवणारा, एकही विकेट न फेकणारा. येत्या फेब्रुवारीत नाही, त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत त्याला मुलगा होईल आणि तो त्याचं नाव ठेवेल रोहन जयविश्व. रोहन कन्हायवरून रोहन, एम. एल. जयसिंहावरून जय, आणि विश्वनाथवरून विश्व. पुढे आपली बहीणही विश्वनाथलाच देईल, ती गोष्ट वेगळी. तिघांचीही सरासरी गावसकरहून कमी. विश्वनाथ ९१ कसोटींत ६०८० धावा करेल, ४१.९३ च्या सरासरीने. गावसकर दहा हजारांच्या पलीकडे जाईल, ५१.१२ ने. मुलाच्या नावासाठी माणूस आकडे बघत नाही म्हणा. पण मुंबईच्या सर्वात खडूस माणसाने घरात कायम हाक मारायला तीन नावं निवडली, आणि तिन्ही देखण्या फलंदाजांची, हे ध्यानात ठेवा. कट्ट्यावर उपयोगी पडेल.

चला परत.

*

ऊन कललंय. काकांनी तुमच्या जागेवर डबा ठेवून ती राखली आहे. चंद्रशेखर गार्ड घेतोय, म्हणजे पंच सांगतील तिथे बॅट टेकवतोय. लहानपणी पोलिओने बारीक झालेल्या त्याच्या उजव्या हातातून निघणाऱ्या गुगलीने भलेभले रडले आहेत, पण बॅट हातात असताना तो सर्वांच्या सहानुभूतीचा विषय असतो. कारकीर्द संपेल तेव्हा त्याचे बळी २४२ असतील आणि धावा १६७.

आता चेपॉकमध्ये कुणी बसलेलं नाही. षटकाचा शेवटचा चेंडू आला की पंचवीस-तीस हजार माणसं एकदम श्वास रोखतात: एक धाव निघाली तर विश्वनाथ पुढच्या षटकाला समोर, नाही निघाली तर चंद्रा. सगळ्या मैदानाला पाढा पाठ झालाय. विश्वनाथ मध्येच एक चौकार मारतो आणि पुढच्या चेंडूला मोकळी असलेली धाव घेत नाही. लॉइडने सगळे क्षेत्ररक्षक सीमेवर पसरवलेत, शेवटच्या दोन चेंडूंना जवळ आणतो. या गदारोळात, बघा, विश्वनाथचं डोकं अजून तसंच आहे. हलत नाही. चौकारासाठी ठोका जाऊ देतो तसा एका धावेसाठीही जाऊ देतो, चेंडू मागे गेल्यावर बॅट नुसती टेकवतो, आणि स्लिप व गली यांच्या मधून तो चेंडू थर्डमॅनकडे घरंगळत जातो. शेवटच्या गड्याच्या जोडीला येईपर्यंत ही चैन कुणी सांभाळत नाही. आपल्यापैकी कुणी सांभाळली नसती.

२१ धावा झाल्या. त्यातली एक चंद्रशेखरची, आणि त्या एका धावेला तुम्ही आयुष्यात कुठल्याच एका धावेला वाजवल्या नसतील एवढ्या टाळ्या वाजवल्यात.

विश्वनाथ ९७ वर. तुम्हाला पुढचं माहीत आहे. तरी तुम्ही उभे आहात, हाताची घडी घट्ट, आणि मनातल्या मनात इतिहासाला विनवताय की एकदा, एकदाच, वेगळं होऊ दे. चंद्रासमोर रॉबर्ट्स. चेंडू येतो, चंद्राची बॅट कुठूनतरी येते, कड लागते, आणि स्लिपमध्ये लॉइडचे ते लांब हात बंद होतात.

आधी एक मोठा निःश्वास. मग काही क्षण काहीच नाही. चंद्रशेखर मान खाली घालून उभा आहे. विश्वनाथ त्याच्याजवळ जातो. खांद्यावर हात ठेवतो का, ते इथून दिसत नाही, मधे माणसं आलीत. मग चेपॉक टाळ्या वाजवायला लागतं, आणि ते दोघं आत जाईपर्यंत टाळ्या थांबत नाहीत.

तुम्ही काकांकडे वळता. त्यांनी रकाना बंद केलाय. ९७, पुढे नाबादची खूण, खाली दुहेरी रेघ. "तीन राहिल्या," तुम्ही म्हणता. आवाज जरा बसलाय.

काका उत्तर देत नाहीत. वही तुमच्याकडे सरकवतात आणि बोट मागे मागे नेत सकाळच्या एका ठिपक्यावर ठेवतात. शंभर-सव्वाशे ठिपक्यांतला तो एकच गडद आहे, पेन्सिलीचं शिसं पानापार गेलंय.

"हा पाहिलात ना तुम्ही?"

तुम्ही मान हलवता.

"मग बसा," ते डबा उघडत म्हणतात. "दहीभात घ्या. आता आपल्याला बॉलिंग करायची आहे."